केसरच्या वालात शिरलेलं पाणी

मैना म्हात्रेला पोहता येतं हे घरात फक्त तिच्या मुलीला, तेजस्वीला ठाऊक होतं, आणि तेही अर्धवट. बाकी सगळ्यांच्या लेखी मैना तळ्यात चालायची. अलिबागच्या डॉक्टरांनी तिचे गुडघे दाबून पाहिले, साखरेचा रिपोर्ट पाहिला आणि सांगितलं की रस्त्यावर चालू नका, पाण्यात चाला, आणि जमलं तर पोहायला शिका. मैनाने घरी येऊन त्यातलं चालण्यापुरतंच सांगितलं. पन्नाशीला टेकलेली बाई पोहायला शिकते आहे हे चारचौघात बोलायचं तर पदर तोंडावर घ्यावा लागला असता.

तसं तिचं सगळं लहानपण पाण्याशेजारीच गेलं होतं. पेणच्या बाजूला तिच्या वडलांचं मिठागर होतं. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं, पाट्या डोक्यावर घेऊन बांधावरून पळायचं, संध्याकाळी पायांच्या भेगांत खोबरेल भरायचं. भाऊ भरतीला खाडीत उड्या टाकायचे आणि बहिणी काठावर त्यांच्या चड्ड्या सांभाळत बसायच्या. पाणी म्हणजे काम. पाण्यात अंग सैल सोडायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. लग्न होऊन ती धरमतरच्या खाडीकाठी आली, तीन पोरं झाली, त्यातल्या दोघींची लग्नं झाली, नवरा बुधाजी पोर्टात ट्रेलर चालवायला लागला, आणि या सगळ्यात गुडघे कधी गेले ते कळलं नाही.

तळं घरामागेच होतं. त्या भागात शेताच्या कडेला तळं आणि तळ्यात जिताडे मासे, हे घराला ओटा असतो तितकं साधं. सासऱ्यांनी खणलेलं हे तळं दोन्ही भावांत सामाईक होतं. एका अंगाला खाडीचा बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे वरखाली सरकणारी एक जाड लाकडी फळी. फळी वर केली की भरतीचं खारं पाणी तळ्यात येतं, ओहोटीला जुनं पाणी निघून जातं. तळ्याच्या दुसऱ्या अंगाला, एका लहान बांधापलीकडे, केसरचं शेत.

केसर ही मैनाची मोठी जाऊ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा विनेश कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता, आणि केसर इथे एकटी राहायची. भात कापून झालं की त्याच ओलीवर ती वाल टाकायची. पोपटीच्या दिवसांत पोयनाडच्या बाजारात तिच्या शेंगांना वेगळं गिऱ्हाईक होतं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगांची पोपटी भाजणारी हौशी माणसं लांबून यायची आणि केसरकाकूंचा वाल आला का, असं विचारायची. वर्षभर कमी बोलणारी केसर त्या दिवसांत गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून घालून ताजीतवानी व्हायची.

उघाडीचा मान मोठ्या घराचा होता. फळीला हात लावायचा तो केसरने. शेतात वाल उभा असला की पाणी घ्यायचं ते भांगेला, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती हळू असते तेव्हा. अमावस-पुनवेच्या उधाणाला फळी बंद. आणि एकदा फळी वर केली की ती खाली येईपर्यंत उघाडीपासून हलायचं नाही. सासरे असंच करायचे, मग मोठे दीर, मग केसर. त्यात सांगण्या-शिकवण्यासारखं काही नव्हतं. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, मैनालाही.

तेजस्वी पनवेलला नर्सिंग शिकत होती आणि शनिवार-रविवार घरी यायची. तिने आईच्या कमरेला तेलाचे दोन रिकामे कॅन बांधले आणि तिला पाण्यात ढकललं. दिवाळीपर्यंत कॅन सुटले, पण मैनाचा जीव चार हातांत संपायचा. मान वर, डोळे वटारलेले, पाय असे झोडायची की तळाचा चिखल वर यायचा. बांधापर्यंत कसंबसं पोचून ती भात्यासारखी धापा टाकत उभी राहायची आणि म्हणायची, माझ्यात दमच नाही.

“आई, दम आहे,” तेजस्वी म्हणाली. “तू तो धरून ठेवतेस. पाण्यात सोड ना तो. आणि घाई कुणासाठी करतेस? मागे बस लागलीये का?”

मग तेजस्वीने तिला हळू व्हायला शिकवलं. तोंड पाण्यात घालून फुर्र करून श्वास सोडायचा, कुशीवर वळून घ्यायचा. दमलं तर थांबायचं नाही, उताणं होऊन आभाळ बघायचं. तळ्याच्या मधोमध जाळं बांधायचा एक खुंट होता. तिथपर्यंत जायचं, धरून उभं राहायचं, परत यायचं. पुढच्या आठवड्यात तेवढंच, पण खुंटापाशी थोडं कमी उभं राहायचं. हे कमी कमी उभं राहणं मैनाला फार आवडलं. काम तेवढंच, पण विश्रांती आपणच आपल्याकडून काढून घ्यायची, यात तिला काहीतरी ओळखीचं वाटलं असावं. मात्र खुंट न धरता पुढे जाणं तिला जमलं नव्हतं. तेजस्वीने पाहिलेलं शेवटचं पोहणं खुंटापर्यंतचं.

केसर शेतात असली की मैना खरोखरच चालायची, कमरेएवढ्या पाण्यात, एखाद्या बगळ्यासारखी. केसर बांधावरून हसायची, माझ्या जिताड्यांना दमवू नको गो म्हणायची. केसर बाजाराला गेली की मैना पोहायची. हे लपवणंही तिला टोचायचं. घरात भांडी पडलेली, बुधाजीचा डबा धुवायचा राहिलेला, आणि आपण इथे पाण्यात लोळतोय. आणि त्याहून जास्त टोचायचं ते हे की तिला मजा येत होती.

पौषातल्या पुनवेला बाजार होता. केसरने पहाटेच्या ओहोटीला तळ्यातलं जुनं पाणी सोडून दिलं, फळी घातली, शेंगांच्या टोपल्या मिनिडोर रिक्षात चढवल्या आणि मैनाला सांगून गेली की तू चालायला जाशीलच, तर उघाडीकडे जरा बघ. मैना दुपारच्या आधी तळ्यावर गेली तर पाणी उतरलेलं. हात मारला की बोटांना चिखल लागायचा, गुडघे तळाला घासायचे. बांधाच्या पलीकडे उधाणाची भरती चढत होती. सगळी खाडी भरून आलेली आणि तिच्या तळ्यात पाणी नाही.

तिने फळी वर केली. जरा हातभर पाणी येऊ दे, मग घालते, एवढाच विचार होता. पाणी घोंगावत आत आलं. ती उघाडीपाशी बसली नाही. पाणी आलंच आहे तर एक खुंटापर्यंतची फेरी मारू, म्हणून उतरली.

त्या दिवशी खुंट आला आणि मागे गेला. तिने हात पुढे केला होता, पण धरावंसं वाटलं नाही. श्वास आपोआप सुटत होता आणि आपोआप मिळत होता. पलीकडचा काठ लागला, ती वळली, परत निघाली. पुन्हा वळली. कान पाण्यात असले की घर ऐकू येत नाही. तिला ना बुधाजी आठवला, ना साखर, ना गुडघे. आपण केव्हा थांबायचं हे आपणच ठरवायचं आहे आणि अजून ठरवावंसं वाटत नाही, हे सुख तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं. अंगाखालचं पाणी गार होत गेलं, वर चढत गेलं, आणि तिला वाटलं की आपणच हलक्या झालोय.

उभी राहिली तेव्हा केसरच्या बाजूचा लहान बांध दिसत नव्हता. त्या जागी एक चकचकीत पट्टा होता, आणि त्याच्या पलीकडे वालाचे नुसते शेंडे.

ती धावली. फळी घातली. मग लक्षात आलं की पाणी आत कोंडलं. वर केली तर खाडी अजून आतच ढकलत होती. पुन्हा घातली. ओहोटी लागेपर्यंत ती तिथे ओली कुडकुडत बसून राहिली, मग फळी वर करून पाणी सोडत राहिली. शेतातलं पाणी जाताना वालाची फुलं घेऊन जात होतं. तेवढ्यात रस्त्यावर मिनिडोरचा हॉर्न वाजला. मैना फळी अर्धवट वर तशीच सोडून परसदाराने घरात शिरली.

थोड्या वेळाने केसरची हाक आली. मैना गेली तेव्हा ती शेताच्या कडेला, पायाखालचा चिखल बोटावर घेऊन चाखत उभी होती.

“फळी मीच उघडी टाकून गेले,” केसर म्हणाली. ओरडली नाही, रडली नाही. “सकाळी घातली असंच वाटत होतं मना. तू आज तळ्यावर गेलीच नसशील, न्हायतर तुला दिसली असती.”

आता बोलायचं होतं. मैनाने तोंड उघडलंही. आणि त्यातून निघालं ते हे:

“खेकड्यांनी बांध पोखरला असंल.”

“खेकडे फळी वर करतात?” केसर म्हणाली, आणि तेवढ्यावर ते संपलं.

वाल चार-पाच दिवसांत पिवळा पडला. पानांच्या कडा जळल्यासारख्या झाल्या, भरत आलेल्या शेंगा चपट्या राहिल्या. त्याचं वाईट वाटून घेण्याची मैनाची तयारी होती. पुढच्या बाजारात आपल्या माहेरचा वाल आणून देऊ, शेतात राबू, काहीतरी करू, असं ती मनाला सांगत होती. पण केसर वालाबद्दल बोलतच नव्हती. ती गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघायला लागली. कुलूप लावून पायरीपर्यंत जायची, परत येऊन ओढून बघायची. केसरची आई शेवटी शेवटी सगळं विसरली होती, स्वतःच्या घरात बसून मला घरी सोडा म्हणायची, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. केसर त्याबद्दल कधी काही बोलायची नाही. आता एका दुपारी ती कालवणाची वाटी घेऊन मैनाच्या दारात उभी राहिली.

“जरा चाख गो. मीठ दोनदा तर नाय पडलं?”

मैनाने चाखलं. बरोब्बर होतं. तसं तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी केसर पुन्हा वाटी घेऊन आली, तिसऱ्या दिवशीही. मैना चाखत राहिली, ठीक आहे म्हणत राहिली, आणि प्रत्येक वेळी तो घास घशाखाली उतरताना तिला वाटायचं की आज सांगू. तळ्यावर जाणं तिने बंद केलं. बुधाजीने विचारलं तर म्हणाली, गुडघे बरे आहेत आता. बुधाजीलाही तिने काही सांगितलं नाही. त्याने केसरला जाऊन सांगितलं असतं.

मग विनेश आला. आईने फळी उघडी टाकली हे त्याने गावातल्या कुणाकडून तरी ऐकलं होतं. आज फळी, उद्या गॅस, असं तो म्हणत होता. त्याने कळंबोलीत डॉक्टर बघून ठेवला होता, घरात आईसाठी खोली रिकामी केली होती, शेत कुणाला तरी कसायला द्यायचं ठरवलं होतं. सगळ्यांना वाटलं केसर भांडेल. केसर फक्त, बरं, म्हणाली. पुढच्या रविवारी तो गाडी घेऊन आला तेव्हा तिने पिशव्या भरून ठेवल्या होत्या. त्या डिकीत गेल्या. तेजस्वी मदतीला आली होती, मैना ओट्यावर उभी होती.

“मैने,” केसर तिच्याकडे येऊन म्हणाली, “उघाडी आता तुझी. बघशील ना?”

मैना ओट्याच्या कडेला आली.

“मी केली फळी वर,” ती म्हणाली. “पुनवेला. तू घातलेली होतीस. मी वर केली.”

तिने सगळं सांगितलं, पाणी कमी होतं, गुडघे घासत होते, जरा वेळ म्हणून फळी काढली, पोहायला उतरले, भान राहिलं नाही. सांगताना तिला वाटत होतं की आता केसर अंगावर येईल, येऊ दे. पण केसरने तिच्या दंडावर हात ठेवला.

“माझ्यासाठी खोटं नको बोलू गो.”

“खोटं न्हाय वैनी.”

विनेश हसला, म्हणजे समजूतदार हसला. “काकी, तुझं मन मोठं आहे, मला माहितीये. आईने जाऊ नये असं तुला वाटतंय. पण असं नको करू. फळी काढून लगेच घातली असतीस तर वाल बुडाला नसता. इतका वेळ तू पाण्यात काय करत होतीस?”

“पोहत होते.”

“तुझे गुडघे बघ आधी. तू चालतेस तळ्यात, आम्हाला माहिती नाही का?”

मैनाने तेजस्वीकडे पाहिलं. तेजस्वीच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने आधी कधी पाहिलं नव्हतं, आईला खोटं पाडायचं नाही आणि खरंही मानता येत नाही, असं काहीतरी.

“आई पोहते,” तेजस्वी हळूच म्हणाली. “पण खुंटापर्यंतच. तिथे थांबावं लागतं तिला.”

विनेशने गाडीची चावी खिशातून काढली. विषय संपला होता. मैनाला एकदम दिसलं की पुढे काय होणार आहे. गाडी जाईल. केसर कळंबोलीच्या खोलीत बसून कुलूप ओढून बघत राहील. आणि गावात मैना म्हात्रे ही जावेसाठी दोष अंगावर घ्यायला निघालेली देवमाणूस ठरेल. कुणी विचारणार नाही, कुणाला कळणार नाही. नुसतं गप्प राहायचं होतं.

ती पायरी उतरली आणि परसाकडे चालू लागली.

“तू थांब म्हणशील तोवर पोहते, बघ,” ती विनेशला म्हणाली.

गाऊन कमरेला खोचून ती पाण्यात उतरली तेव्हा तिघंही बांधावर येऊन उभी राहिली होती. पुनवेनंतर तिचं अंग पाण्याला लागलं नव्हतं. पहिल्याच चार हातांत छाती भरून आली, भिजलेला गाऊन पायांत अडकायला लागला. मान वर, डोळे वटारलेले, पुन्हा तीच पहिल्या दिवसाची मैना. खुंट समोर आला. धरला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. विनेशने हात देऊन बाहेर काढलं असतं, तेजस्वीने टॉवेल आणला असता, आणि केसर गेली असती.

तिने तोंड पाण्यात घातलं आणि श्वास सोडला. सगळा. मग हळू झाली. इतकी हळू की काठावरून ती थांबलीच असं वाटलं असावं, कारण तेजस्वीची हाक आली. खुंट डाव्या हाताला गेला. पलीकडचा काठ लागला, ती वळली. मागच्या वेळी हेच पाणी तिला उचलून धरत होतं, आज ते अंगाला ओझ्यासारखं लोंबत होतं. कानात घर नव्हतं, पण केसर होती. वळताना दर वेळी ती दिसायची, हाताची घडी घालून, डोळे न हलवता. एकदा दम तुटला तेव्हा मैना उताणी झाली, थोडं तरंगली, आणि पुन्हा पालथी होऊन निघाली.

“बस काकी,” विनेश म्हणाला. तिने ऐकलं, पण ती थांबली नाही. तो पुन्हा म्हणाला. तिचे हात आता तिचे राहिले नव्हते, तरी ती वळली.

“बाहेर ये,” केसर म्हणाली.

मैना काठाच्या चिखलात गुडघ्यांवर बसली. उभं राहणं शक्य नव्हतं. केसर तिच्यासमोर उकिडवी बसली.

“फळी किती वर केलीस?”

मैनाने हाताने दाखवलं.

“काढताना कशी होती?”

“घट्ट. मना दोन्ही हातांनी जोर लावाय लागला.”

“खाली टेकलेली होती? तळापर्यंत?”

“टेकलेली होती वैनी. तू नीट घातली होतीस.”

केसरने डोळे मिटले होते आणि तिचे ओठ हलत होते, जणू ती त्या सकाळची एकेक गोष्ट पुन्हा जागेवर ठेवत होती. मग ती उठली आणि मुलाकडे न बघता म्हणाली, “पिशव्या उतरव.” विनेश डॉक्टरांबद्दल काहीतरी बोलला. तिने तेच दोन शब्द पुन्हा उच्चारले. तो गेला. तेजस्वीलाही तिने त्याच्या मागे पाठवलं.

“वालाचं सोड,” मग ती मैनाला म्हणाली. आवाज अजिबात वर नव्हता. “वाल पुढच्या साली परत व्हईल. पन मी रोज तुझ्या दारात वाटी घेऊन येत होती. तू चाखत होतीस. तोंडावर सांगत होतीस, ठीक हाय म्हणून. मी घरी जाऊन रडत होती मैने, की ठीक हाय तरी मना कळत कसं न्हाय.”

मैना म्हणाली की मला रोज सांगायचं होतं. आणि हे खरं असूनही बोलताच ते तिच्याच कानाला खोटं वाटलं.

“मग सांगितलं का न्हाय?”

भीती वाटत होती, लाज वाटत होती, असं म्हणता आलं असतं. पण त्यांच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिने सांगून टाकली, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं.

“त्या दिवशी मना लई बरं वाटलं होतं वैनी. तसं कधीच वाटलं नव्हतं. ते कुणाला सांगायचं नव्हतं.”

केसर मोठी पायरी उतरावी तशी बांधावरून शेतात उतरली.

“वाळलेला वाल उपटायचा हाय,” ती पाठमोरी म्हणाली. “उद्या सकाळी ये. बोलायला न्हाय, उपटायला ये.”

मैना गेली. दव होतं, वाळकी पानं हातात चुरत होती, आणि तळहातांना मुळांची माती लागताच जुन्या मिठागरासारखी चरचर होत होती. केसरने खाडीच्या कडेपासून सुरुवात केली होती, मैनाने रस्त्याच्या कडेपासून. दोघींच्या मध्ये अर्ध्याहून जास्त शेत उभं होतं. वाकताना मैनाचे गुडघे ठणकत होते, पण ती बसली नाही आणि पाणी प्यायलाही गेली नाही. मधून मधून मान वर करून ती किती अंतर उरलंय ते बघत होती. दुपारपर्यंत दोघी एकमेकींपाशी पोचणार होत्या, आणि तिथे पोचल्यावर काय बोलायचं हे तिला अजून सुचलेलं नव्हतं.